मावशींना न सांगितलेला निकाल

मला पटकन राग येतो. घरचे म्हणतात, जनावरांशी बोलताना तुझा आवाज मऊ असतो आणि माणसांशी बोलताना फौजदारासारखा. खरं आहे ते. मी जनावरांची डॉक्टर आहे, तळेगावात राहते आणि काही वर्षांपूर्वी मावळातल्या गायी-म्हशींवर पीएचडीचं काम करत होते. त्या कामात मी एक गोष्ट करायची टाळली आणि तिची लाज अजून जात नाही. ही हकिगत मी बऱ्याच जणांना थोडी थोडी सांगितली आहे, पण दर वेळी स्वतःला सोयीची पडेल तेवढीच. इथे सगळी लिहिते.

माझा विषय होता ब्रुसेलोसिस. नाव अवघड आहे, पण गोठ्यात दिसतं ते साधंच. गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, मेलेलं वासरू पडतं, त्यामागून पडायची ती वार अडकून बसते. मालक म्हणतो नजर लागली, नाहीतर ओढ्याच्या उतारावर पाय घसरला असेल. पुढच्या वेताला तीच गाय कधी कधी नीट वितेसुद्धा, पण रोग तिच्या अंगात राहतो आणि वारेतून, अंगावरच्या स्रावातून, कच्च्या दुधातून माणसाला लागतो. माणसाला मग ताप येतो, जातो, परत येतो. घाम फुटतो, कंबर धरते. लवकर कळलं तर गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतात, पण माणूस बरं होतं. उशीर झाला की दुखणं हाडात शिरतं. आणि उशीर होतोच, कारण ताप म्हटलं की सगळ्यांना आधी टायफॉइड आठवतो.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

कान्हे फाट्यावरून आत वळलं की पुढे टाकवे बुद्रुक. आठवड्यातून तीन दिवस मी सकाळी स्कूटरवरून तिकडे जायची. पुढे पायाशी बर्फाचा डबा, पाठीला बॅग. गोठ्यागोठ्यात जायचं, जनावराचं रक्त घ्यायचं आणि मालकाला छापील प्रश्न विचारून उत्तरं लिहायची. मावशींची ओळख अशीच झाली. साठीच्या होत्या, काटक, नऊवारी घट्ट कसलेली. दावणीला एक संकरित गाय आणि दोन म्हशी. मुलगा जवळच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, सून घर आणि भात सांभाळायची, जनावरं मात्र सगळी मावशींची. गावात कुणाची गाय अडली की डॉक्टरच्या आधी मावशींना बोलावणं जायचं. अख्खा गाव त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यावर डाफरले. यादीतला प्रश्न होता, कच्चं दूध पिता का. त्या म्हणाल्या, "न्हाई बा." आणि त्यांच्या मागेच कोनाड्यात फेस सुकलेला पेला होता. माझं डोकं फिरलं.

"मावशी, खरं सांगा," मी म्हटलं. "तुम्ही खोटं सांगणार, मी खोटं लिहून घेणार, मग या सगळ्याचा उपयोग काय? मी इतक्या लांबून कशाला येते?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. सुनेसमोर बोलले होते मी. त्या हळूच म्हणाल्या, "धार काढता काढता घेते वाईच. ल्हानपनापासनंची सवय हाय." आणि मग सगळंच खरं सांगितलं. वार अडकली तर हात घालून काढते, हातमोजे कधी घातले नाहीत, पंधरवड्यापूर्वी गाय गाभडली तेव्हा मेलेलं वासरू आपणच उचलून ओढ्यापलीकडे पुरलं. मी भराभर खुणा करत गेले. मनात म्हटलं, असं पाहिजे.

त्या गायीचं रक्त घेऊन मी गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात आले. तिथे मला कोपऱ्यातलं एक टेबल वापरायला दिलं होतं. पहिली चाचणी अगदी सोपी असते. रक्त साकळलं की वर जे पाणी सुटतं त्याचा एक थेंब पांढऱ्या पाटीवर घ्यायचा, त्यात गुलाबी औषधाचा एक थेंब, काडीने मिसळायचं आणि पाटी हलवत राहायचं. चार मिनिटं थांबायचं. मिश्रण तसंच राहिलं तर ठीक, गुठळ्या धरल्या तर रोगाची शंका. मावशींच्या गायीच्या थेंबाने एका मिनिटातच गुठळ्या धरल्या. इतक्या ठळक की शंका कसली, मला तर खात्रीच झाली.

आणि मला आनंद झाला. हे लिहिताना कान तापतात, पण झाला. त्या गावात माझा तो पहिला बाधित नमुना होता. मी वहीत गायीचा नंबर लिहिला, पुढे अधिकची खूण केली, पाटी धुतली, हेल्मेट घातलं आणि तळेगावला निघून आले. मावशींचं घर दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले, "पहिल्या चाचणीवर कुणाशी काही बोलू नकोस. पक्की चाचणी होऊ दे, सगळ्यांना एकदम सांगू. आत्ता सांगितलंस तर परवा ती गाय चाकणच्या बाजारात उभी असेल आणि रोग दुसऱ्या गावात जाईल." त्यात चूक काही नव्हतं. असं होतंही. पण दूध उकळून प्या आणि वारेला उघड्या हाताने शिवू नका, एवढं सांगायला कुठला निकाल लागत नाही. ते तर मी कुणालाही, कधीही सांगू शकत होते, सरांनी त्याला बंदी केली नव्हती. मी सांगितलं नाही, कारण टाकव्यातले निम्मे गोठे अजून बाकी होते. ही बाई रक्त घेते आणि रोग काढते, अशी बोलवा झाली असती तर लोकांनी मला दारात उभं केलं नसतं. शिवाय लोक सावध झाले की प्रश्नांची उत्तरंही बदलतात. मला नमुने हवे होते. बाकी सगळ्या सबबी मी नंतर जमवल्या.

याहून वाईट पुढे आहे. श्रावणात मावशींच्या शेजारणीची म्हैस व्याली आणि वार पडेना. मी त्याच आळीत होते. बॅगेत हातमोज्यांचा अख्खा डबा, खांद्यापर्यंत येणारे लांब मोजेसुद्धा. मावशी आल्या, बाही वर सारली, हाताला तेल लावलं आणि म्हशीशी गोड बोलत बोलत काम सुरू केलं. पाऊण तासाने वार मोकळी झाली. त्यांनी ती पेंढ्यात गुंडाळली, पोत्यात घालून तोंड आवळलं आणि ओढ्याकाठच्या वडाला नेऊन टांगली. वडाला चीक असतो, तसं जनावराला दूध येतं, म्हणून तिकडे वार वडालाच टांगतात. त्या फांदीला अशी पाच-सहा पोती लटकत होती. मावशींचे हात कोपरापर्यंत माखलेले.

मी फोटो काढले. म्हशीजवळचे, पोत्याचे, वडाचे आणि सगळ्यात जास्त त्या हातांचे. मावशी हसून म्हणाल्या, "कशापायी काढता हो फोटू?"

"आठवण म्हणून," मी सांगितलं.

त्या बाईला खोटं बोलू नका म्हणून झापणारी मीच. हातमोजे मी काढून दिले नाहीत, कारण मोजे घातलेल्या हातांचा फोटो मला नको होता. पुढे पुण्यात एका सभेत मी तो फोटो पडद्यावर दाखवला. पुढच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक म्हणाले, "असा फोटो सहजासहजी मिळत नाही, छान काम केलंस." टाळ्या वाजल्या. मी मान झुकवून आभार मानले आणि घरी येताना बाकरवडी घेऊन आले.

गणपतीच्या दिवसांत गेले तर मावशी ओट्यावर उन्हात गोधडी पांघरून बसलेल्या. मी विचारलं, "काय झालं?" सून म्हणाली, "आत्याबाईंना ताप येतोय आठ दिस. सांजच्याला चढतो, रात्री घामानं लुगडं भिजतं." मावशी म्हणाल्या, "कंबर धरलीया नुसती. खाली बसवंना."

मला निदान करायला पुस्तक उघडावं लागणार नव्हतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "मावशी, एकदा रक्त तपासून घ्या."

"कसलं?"

"सगळंच," मी म्हटलं आणि पुढच्या गोठ्याकडे वळले.

त्यांच्या डॉक्टरने टायफॉइडचं औषध दिलं, सलाईन लावलं. ताप उतरला, दहा दिवसांनी परत आला. डॉक्टरचा काय दोष, त्याला गायीचं कुणी सांगितलंच नव्हतं. आता कुणी म्हणेल, मावशींना रोग तुझ्या आधीच लागला असेल, वासरू पुरलं तेव्हाच. असेलही. मी स्वतःला हे पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. पण लागला कधीही असो, तो कुठला आहे हे त्या गावात एकट्या मला माहीत होतं.

त्याच सुमारास पक्क्या चाचणीचा निकाल प्रयोगशाळेतून आला. गाय बाधितच होती. मी सरांना फोन केला. बाईला ताप येतोय हेही सांगितलं. वाटलं, आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते सहज म्हणाले, "मग सांगून टाक ना त्यांना, आणि तपासायला ने." झालं. माझ्यावरचं बंधन गेलं. तरीही मी गेले नाही. नवरात्र गेलं, दसरा गेला. कारण आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार होतं. मी टाकव्याऐवजी तिकोणा पेठेकडचे गोठे आधी उरकायला घेतले. तिकडेही काम होतंच ना, असं माझं मीच ठरवलं. धरणाच्या कडेने स्कूटर चालवताना रोज म्हणायची, उद्या टाकवे.

गेले ती वसुबारसेला. गावातल्या दुसऱ्या एका घरून निरोप आला होता म्हणून. जाता जाता मावशींच्या अंगणात डोकावले. गायीला धुऊन शिंगांना गेरू लावला होता, सून हातात ताम्हन घेऊन उभी, आणि मावशी भिंतीचा आधार घेत एक एक पाऊल टाकत गायीपर्यंत येत होत्या. गायीला कुंकू लावायला त्यांनी हात वर केला आणि कळ येऊन तिथेच थांबल्या. मुलाने मागून धरलं. जिच्यामुळे हे सगळं झालं तिच्या पायावर त्यांना डोकं ठेवायचं होतं आणि वाकता येत नव्हतं. त्यांनी नुसता हात लावला आणि तो कपाळाला नेला.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, ताम्हनातलं निरांजन जळत असताना. गायीला रोग आहे, तो माणसाला होतो, तुमचा ताप त्याचाच असावा, उद्या माझ्याबरोबर तळेगावला चला. कधी कळलं, ते तेवढं गाळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. रक्त तपासलं, कमरेचे फोटो काढले. तोच रोग निघाला आणि मणक्यापर्यंत गेलेला. डॉक्टरीण बरी होती, समजावून सांगत होती. गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, ताप जाईल, पण कंबर पूर्वीसारखी होईल असं मी सांगणार नाही, म्हणाली. "थोडं आधी आला असतात तर..." असं म्हणून तिने वाक्य अर्धंच सोडलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या अडाणी नव्हत्या.

घरी पोचल्यावर सुनेने पाणी आणलं. मावशी ओट्यावर उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, तोंडही उघडलं होतं. पण नाही जमलं. "ज्या दिवशी गायीचं रक्त नेलं, त्याच दिवशी," मी म्हटलं. "पक्कं कळलं ते गणपतीच्या सुमारास."

मुलगा उठून उभा राहिला. मला वाटलं आता हा मारतो, आणि वाटलं की मारावं. मावशींनी त्याला हाताने खाली बसवलं.

"माजी सून लहान पोराला तेच दूध पाजत व्हती," त्या म्हणाल्या. "तापवून पाजत व्हती म्हून वाचलं. तुमी हितं ह्याच ओट्यावर बसलता. मी तुमाला सगळं खरं सांगिटलं का न्हाई?"

"सांगितलंत."

"मग तुमच्या तोंडाला काय झालतं?"

माझ्याकडे नमुने हे उत्तर होतं, पण ते त्या ओट्यावर बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आई, गाय उद्याच बाजारात न्हेतो. नगं ती दारात." सर जे म्हणाले होते, तेच. मावशी त्याच्यावर उसळल्या. "आन तितं जी बाई तिची धार काढंल, तिच्या कमरंचं काय? गाय कुटं जायाची न्हाई. पल्याडच्या छपरात बांध तिला येगळी." म्हणजे माझी तीही सबब गेली. मावशी काय करतील हे मी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मग त्या सुनेला म्हणाल्या, "काठी दे."

"कुटं निघालासा आत्याबाई? डॉक्टरनं पडून ऱ्हायला सांगिटलंय."

"पावसाळाभर मी किती गोठ्यांत हात घातला? त्या बायांना कुनी सांगायचं?" आणि माझ्याकडे वळून, "चला. तुमीच सांगा त्यास्नी. मला त्या रोगाचं नाव घ्याया येत न्हाई."

मी त्यांना धरून गल्लीत उतरले. दहा पावलं टाकली की त्या थांबायच्या, ओठ घट्ट मिटून कळ जाऊ द्यायच्या, मग पुढे. पहिल्या घरी बायका आत-बाहेर करत होत्या, चकलीचा वास येत होता. मी ओठ ओले करून बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "ह्या बाईंला कालच कळलं बघा, आपल्या गायांत रोग हाय. कळलं तशी सनाची पळत आली सांगाया. ती काय सांगती ते नीट ऐका."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग दूध, वार, हातमोजे, तपासणी, सगळं सांगितलं. बायकांनी मन लावून ऐकलं, दोघींनी आपल्याही गायी गाभडल्याचं सांगितलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, असं का सांगितलंत? मी कुठे काल..."

"गप ऱ्हावा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. "तुमी दडवून ठिवलं म्हनलं तर उद्या कोन तुमाला गोठ्यात घील? आन कुनी घेतलं न्हाई तर त्यांची जनावरं कोन तपासंल? तुमच्यासाटी न्हाई म्हनले मी."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. कालच कळलं, पळत आल्या. दर घरी मला वाटायचं की आता बोलावं, या बाई खोटं सांगतायत आणि ते माझ्यापायी. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य मनात जुळवतही होते, आणि दर घरी उकळलेल्या दुधाबद्दल बोलून बाहेर पडत होते. मावशींनी मला गप्प राहायला सांगितलं म्हणून मी गप्प राहिले, असं आता म्हणता येतं. पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मला ठाऊक आहे.

शेवटच्या घरी एक म्हातारे आबा होते. त्यांनी मला खुर्ची दिली, मावशींना घोंगडी अंथरली. सगळं ऐकून घेतलं, नातीला चहा ठेवायला सांगितला. मग माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "सनावाराचं घरदार सोडून आलासा बाई आमच्यासाटी. आजकाल कोन कुनाला येवडं सांगतंय?"

मावशी घोंगडीवर कमरेला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

नातीने चहा आणला. मी कप घेतला आणि म्हटलं, "माझं कामच आहे ते, आबा."